जुन्या छऱ्याच्या रायफलला घरच्या घरी गंज-ब्लूइंग

माळ्यावर वीस-पंचवीस वर्षं पडून राहिलेली एअर रायफल खाली काढली की नळीवर जिथे हात लागायचा तिथे तपकिरी ठसे दिसतात, सिलिंडरचा (ज्यात पिस्टन सरकतो त्या नळकांड्याचा) काळा रंग विटून राखाडी झालेला असतो आणि स्क्रूंच्या भोवती गंजाची कडी बसलेली असते. दस्त्याचं काम सुतारकीचं, ते वेगळं. लोखंडाचं काम मात्र घरी होतं आणि चांगलं होतं. त्याला यंत्र लागत नाही, भट्टी लागत नाही. लागतात दोन-तीन रविवार, गॅसची शेगडी आणि भरपूर डिस्टिल्ड वॉटर.

आधी रंगाबद्दल. बंदुकीच्या लोखंडावरचा निळसर काळा रंग हा पेंट नसतो, तो लोखंडाचाच एक ऑक्साइड असतो. साधा लाल गंज भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारा आणि खाली खात जाणारा. तोच लाल गंज पातळ थरात असताना उकळत्या पाण्यात घातला की त्याचं काळं मॅग्नेटाइट होतं, आणि ते लोखंडाला घट्ट धरून बसतं. गंज चढवायचा, उकळायचा, वरची सुटी काजळी झाडायची, परत गंज चढवायचा. सहा-आठ फेऱ्यांत रंग भरतो. हेच गंज-ब्लूइंग. एकोणिसाव्या शतकातल्या चांगल्या शिकारी बंदुकांना हेच असायचं, आणि जोडनळीच्या बंदुकांना आजही हेच करतात. कारण दोन नळ्या एकमेकींना कथलाच्या झाळकामाने जोडलेल्या असतात, आणि ते झाळकाम १०० अंशांच्या पाण्यात सुखरूप राहतं.

कारखान्यात वापरतात ती पद्धत वेगळी. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं घट्ट द्रावण १४० अंशांच्या आसपास तापवून त्यात सगळे भाग बुडवायचे. अर्ध्या तासात रंग तयार, पण त्या द्रावणात पाण्याचा एक थेंब वेड्यावाकड्या पद्धतीने पडला तर ते उसळून अंगावर येतं, आणि ॲल्युमिनियमचा भाग चुकून आत गेला तर तो विरघळायलाच लागतो. हे घरी करायचं काम नव्हे. तिसरा प्रकार म्हणजे बाटलीतलं ‘कोल्ड ब्लू’. त्यात सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात. बोळ्याने लावलं की मिनिटभरात काळं होतं आणि दोन महिन्यांत हाताच्या घामाने उडतं. एखादा ओरखडा झाकायला ते ठीक, अख्ख्या नळीला नको.

कायद्याचं आधी बघून घ्या. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवाना लागणाऱ्या बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. आजोबांची बारा बोअर किंवा ३१५ असेल तर ती परवानाधारक दुकानातच द्या. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ बोअरच्या आणि २० जूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. हा लेख त्याच रायफलबद्दल आहे. तिच्यावरही नंबर आणि कंपनीचा शिक्का असेल तर तो घासून घालवायचा नाही. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, शिक्का पुसलेल्या बंदुकीला गिऱ्हाईक नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: साठ-सत्तर वर्षांपूर्वीची परदेशी बनावटीची रायफल असेल आणि मूळ रंग निम्म्याहून जास्त शिल्लक असेल, तर तेल लावून तशीच ठेवा. जमवणारे लोक विटलेल्या मूळ रंगाला नव्या रंगापेक्षा जास्त मानतात.

खोलणं

नळीत छर्रा अडकलेला नाही ना, हे आधी पाहा. छर्रा भरताना वाकवतात तशी नळी बिजागरावर वाकवून मागून उजेडात बघितलं की कळतं. मग दस्ता काढा. दस्त्याचे स्क्रू वर्षानुवर्षं गंजलेले असतात, त्यामुळे खाचेत अगदी चपखल बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या. सैल पात्याने खाच एकदा फाटली की मग ती कितीही छान काळी केली तरी डोळ्यांत खुपते. अडलेल्या स्क्रूला गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर थांबा.

धोका आहे तो मेन स्प्रिंगमध्ये. रायफल ताणलेली नसली तरी स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते. मागचा ब्लॉक कुठे पिनांवर असतो, कुठे आट्यांवर. पण अडकाव सुटला की तो स्प्रिंगसकट सुटतो आणि समोर जे असेल त्यावर आदळतो. सुतारांकडचा लांब बार क्लॅम्प घ्या, सिलिंडर त्यात आडवा धरा, मागचा ब्लॉक लाकडाच्या ठोकळ्याने दाबून ठेवा, मग पिन काढा आणि क्लॅम्प सावकाश सैल करा. हाताने, गुडघ्याने, ‘दोघं मिळून धरू’ असं काही नको. क्लॅम्प नसेल तर ही एवढी पायरी माहितगाराकडून करून घ्या, बाकीचं घरी करा.

स्प्रिंग, पिस्टन, पिस्टनचा वॉशर आणि नळीच्या मागच्या तोंडाचा छोटा वॉशर हे सगळं बाहेर आलं पाहिजे. चामड्याचा वॉशर उकळला तर आक्रसून कडक होतो, रबराचा फुगतो. मागची साइट, माशी (नळीच्या टोकावरची पुढची साइट), प्लॅस्टिकचे तुकडे काढून डबीत ठेवा. प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढा. ट्रिगरच्या छोट्या स्प्रिंगा कुठे कशा होत्या हे पंधरा दिवसांनी आठवत नाही.

आता चुंबक फिरवा. घोड्याभोवतीची कडी आणि ट्रिगरचा ब्लॉक बऱ्याच रायफलींमध्ये ओतीव मिश्रधातूचा असतो. चुंबक धरत नसेल तर तो भाग या कामातून बाजूला, त्याला गंजच चढणार नाही. त्याला मॅट काळा स्प्रे पेंट मारणं हाच प्रामाणिक उपाय.

जुना रंग आणि गंज उतरवणं

वाण्याकडे मिळणारं साधं पांढरं व्हिनेगर पुरतं. त्यात सुमारे चार टक्के ॲसिटिक ॲसिड असतं. नळी ट्रेमध्ये ठेवा, व्हिनेगर ओता, वीस मिनिटांनी बारीक स्टील वूलने चोळा. जुना काळा रंग पाण्यासारखा निघून खाली मळकट राखाडी लोखंड उघडं पडतं. जाड गंज असेल तर आधी रॉकेल किंवा तेल लावून पितळी ब्रशने सैल करा. नळीच्या आत व्हिनेगर शिरू नये म्हणून दोन्ही तोंडांना लाकडाचे निमुळते बूच मारा. काम झालं की खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा, नाहीतर दहा मिनिटांत पिवळी झाक येते.

संडास साफ करायचं ॲसिड, अर्थात हायड्रोक्लोरिक, कुणी सुचवलं तर ऐकू नका. ते गंज काढतं हे खरं, पण खालचं लोखंडही खातं, कडक पोलादी भागांत हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात, आणि त्याच्या वाफेने त्या खोलीतली कानस-पाने सगळी हत्यारं आठवड्याभरात गंजतात. स्प्रिंग आणि ट्रिगरच्या आतले भाग तर कुठल्याच ॲसिडमध्ये घालायचे नाहीत. व्हिनेगरमध्येही नाहीत.

घासाई

रंग कसा येणार हे इथे ठरतं. द्रावणावर लोक जितकी चर्चा करतात तितकी घासाईवर करत नाहीत, आणि मग चट्टे आले की दोष द्रावणाला. ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो की त्याखालची प्रत्येक रेघ दिसते. ओरखडा झाकला जात नाही, उलट काळ्यावर तो जास्त ठसतो.

हार्डवेअरच्या दुकानात ‘वॉटर पेपर’ म्हणून मिळणारे कागद घ्या: १५०, २२०, ३२० आणि ४०० नंबरचे, प्रत्येकी तीन-चार. गंजाचे खड्डे असतील तरच १५० ने सुरुवात, नाहीतर थेट २२०. नळीसाठी कागदाची इंचभर रुंद पट्टी कापा आणि बूट पॉलिश करताना कापड ओढतात तशी आडवी ओढा. पुढचा नंबर घेतला की दिशा बदला आणि लांबीच्या दिशेने घासा. आधीच्या नंबरच्या आडव्या रेघा पूर्ण गेल्या की मगच पुढे जा. अशी दिशा बदलत गेलं की काय राहिलं ते आपोआप दिसतं. शेवटचा हात ४०० चा, लांबीच्या दिशेने, थोडं तेल लावून.

सपाट भागांवर कागद कधीही नुसत्या बोटाने धरू नका. बोट मऊ असतं, ते कडा गोल करतं आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पाडतं. कागदाखाली लाकडाचा ठोकळा किंवा सपाट कानस ठेवा. बफिंगच्या चाकाचंही तेच. दोन मिनिटांत चकचकीत, आणि कडा, अक्षरं, शिक्के सगळं लोण्यासारखं वितळलेलं. शिक्क्यांवर फक्त ४०० चा कागद, ठोकळ्यावर, तीन-चार हात, बस्स.

खोल खड्ड्यांच्या मागे लागू नका. एका खड्ड्यासाठी त्या जागी नळी खाली नेली की तिथे लाट तयार होते आणि उजेडात ती खड्ड्यापेक्षा वाईट दिसते. आणि ४०० च्या पुढे जाऊ नका. आरशासारख्या गुळगुळीत लोखंडावर द्रावण नीट पसरत नाही, थेंब थेंब होतं. थोडी मॅट झाक हीच या पद्धतीची खूण आहे.

तेल काढणं

इथून पुढे उघड्या हाताने लोखंडाला शिवायचं नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला. लॅटेक्सच्या पावडरवाल्यांचे ठसे उमटतात. नळीच्या एका तोंडात फूटभर लांबीची लाकडी काठी घट्ट बसवा, तीच धरायची मूठ. काठी साधी, कोरडी, न रंगवलेली असावी.

भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात धुवा. मग पाच लिटर पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा. स्क्रूची भोकं, साइटची खाच, नळीचा बिजागर यांत दडलेलं तेल असंच बाहेर येतं. ते राहिलं तर पुढच्या प्रत्येक उकळीत थोडं थोडं झिरपेल आणि भोकाभोवती पांढरट गोल राहील. शेवटी ॲसिटोनने पुसा. रंगाच्या दुकानातला स्वस्त थिनर चालत नाही, तो वाळताना मागे पातळ तेलकट पडदा ठेवतो.

खात्री करायची सोपी परीक्षा आहे. नळीवर डिस्टिल्ड वॉटर ओता आणि तिरपी धरा. पाणी अख्ख्या पृष्ठभागावर एकसंध चादरीसारखं उतरलं तर तेल गेलं. कुठे ते फाटलं, बेट तयार झालं किंवा थेंब जमले, तर तिथे बोट लागलेलं आहे. परत सोडा, परत ॲसिटोन. ही परीक्षा पास झाल्याशिवाय द्रावणाची बाटली उघडू नका.

द्रावण

तयार द्रावणं परदेशात मिळतात आणि मंद गतीने, बारीक, एकसारखा गंज चढवतात. मिळालं तर तेच वापरा, बाटलीवरच्या वेळा पाळा. नाही मिळालं तर मेडिकलच्या दुकानातून काम भागतं:

हायड्रोजन पेरॉक्साइड, ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे साधारण सहा टक्क्यांचं: १०० मिली
डिस्टिल्ड वॉटर: १०० मिली
पांढरं व्हिनेगर: २५ मिली
मीठ: ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त

काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात, उघड्या हवेत, डोळ्यांना चष्मा लावून मिसळा. त्या दिवशी लागेल तेवढंच करा. उरलेलं बाटलीत भरून झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही. पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटते. जास्त टक्क्यांचं पेरॉक्साइड आणून ‘जोरदार’ करायच्या फंदात पडू नका. ब्लीचिंगचं कुठलंही द्रव यात मिसळू नका. आणि मीठ वाढवलं तर गंज लवकर येतो खरा, पण भरड येतो आणि टोचल्यासारखे बारीक खड्डे पाडतो.

कापसाचा बोळा जुन्या सुती कापडात गुंडाळा, द्रावणात बुडवा आणि पिळा. इतका पिळा की गालाला लावला तर गार लागेल पण ओल उमटणार नाही. नळीच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत एकच लांब हात. तो मागे आणायचा नाही, पुन्हा त्याच जागी फिरवायचा नाही. शेजारून दुसरा हात, कड किंचित चढवून. ओघळ आला तर तो शेवटपर्यंत दिसेल. पहिल्यांदा हे करणारे सगळेच ओलं लावतात. शंका आली तर आणखी एकदा पिळा.

नळीच्या आत आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीला द्रावण लागता कामा नये. पिस्टनचा वॉशर त्याच गुळगुळीत भिंतीवर सरकतो. तिथे गंजाचे दाणे आले तर वॉशर पन्नास छऱ्यांत फाटतो.

गंज चढू देणं

घरगुती द्रावणाने दहा-पंधरा मिनिटांत पिवळी छटा दिसते. भाग काठीवर आडवे टेकवून, कशालाही न शिवता, दमट जागी तास-दोन तास ठेवा. रात्रभर नाही, मिठामुळे खड्डे पडतील. तयार मंद द्रावण असेल तर ३ ते १२ तास लागतात. जुलै-ऑगस्टात कोकणात किंवा मुंबईत वेगळी सोय लागत नाही, हवाच पुरेशी ओली असते. पुण्यात मार्चमध्ये किंवा विदर्भात मे महिन्यात मात्र द्रावण नुसतं वाळून जातं. मग जुन्या कपाटाचा एक कप्पा रिकामा करा, खाली पसरट भांड्यात गरम पाणी, आत ओला टॉवेल टांगलेला, दार लावलेलं. पाण्याचे थेंब भागांवर टपकत नाहीत एवढं बघा. दव धरलं तर ठिपके पडतात.

बरोबर चढलेला गंज कसा दिसतो? बारीक, केशरी-तपकिरी, मखमलीसारखा, सगळीकडे एका जाडीचा. खवले, पापुद्रे, कडेला काळपट ओघळ दिसले तर द्रावण जास्त लागलं किंवा वेळ जास्त गेला. पहिल्या फेरीत गंज तुटक आला तर घाबरू नका, तो दुसरी-तिसरीत जुळून येतो. पण एखादी चकाकती जागा तीनही फेऱ्यांत कोरीच राहिली तर तिथे तेल आहे. काम थांबवा, पुन्हा सोड्यात उकळा.

उकळी

भाग पूर्ण बुडतील असं भांडं हवं. नळी साधारण ४५ सेंटिमीटरची असते. फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेसच्या पत्र्याचा ६० सेंटिमीटर लांब, १० रुंद, १२ खोल असा ट्रे वेल्ड करून घ्या. झाळलेला नको, शेगडीच्या आचेने सांधा सुटून गळतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आणि ॲल्युमिनियम नको. सात सेंटिमीटर पाणी भरलं तर चार लिटरच्या थोडं वर लागतं, म्हणजे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा एक कॅन. दोन बर्नरवर आडवा ठेवला की पाणी एकसारखं उकळतं.

नळाचं पाणी वापरू नका, आणि बोअरचं तर नकोच. त्यातला चुना आणि क्षार उकळीत भागांवर बसतात. त्या ठिपक्यांखाली रंग धरत नाही आणि ते घासूनही पूर्ण जात नाहीत. ज्यांना ‘सगळं केलं पण चट्टे आले’ असा अनुभव येतो, त्यांच्यातल्या निम्म्यांचं पाणी तपासावं.

पाणी खळखळ उकळत असतानाच भाग आत सोडा, कोमट पाण्यात ठेवून तापवत बसू नका. भाग ट्रेच्या तळाला टेकू नयेत. दोन्ही टोकांना बाइंडिंगच्या साध्या काळ्या तारेचे आकडे करून लटकवा. तांब्याची तार नको. धरायची काठी काढून नळी दोन्हीकडून उघडी ठेवा, बूच मारून उकळायची नाही, कारण आतली हवा आणि वाफ फुगून बूच उडतो आणि उकळतं पाणी अंगावर येतं.

दोन-तीन मिनिटांतच केशरी रंग खालून काळवंडायला लागतो, जणू कुणी आतून शाई सोडली. दहा ते पंधरा मिनिटं ठेवा. सगळीकडे मखमली काळं झालं की बाहेर. लोखंड इतकं तापलेलं असतं की पाणी उभ्या उभ्या वाळून जातं. लटकवून ठेवा आणि नळीतून कोरड्या फडक्याचा तुकडा सळीने ओढून काढा, सिलिंडरच्या आतूनही पुसून घ्या. उकळीनंतरही कुठे लाल राहिलं असेल तर थर जाड झाला होता, आणखी पाच मिनिटं द्या.

तेच पाणी तीन फेऱ्यांपर्यंत चालतं. वर तेलाची इंद्रधनुषी साय दिसली तर लगेच बदला. त्या सायीतून भाग बाहेर काढला की ती त्याला लपेटूनच बाहेर येते. शेवटच्या दोन उकळ्या धरून अख्ख्या कामाला वीस-पंचवीस लिटर धरून चाला.

काजळी झाडणं

भाग हाताला सोसेल इतके कोमट झाले की ०००० नंबरच्या स्टील वूलने हलक्या हाताने झाडा. भांडी घासायची तारेची घासणी अजिबात नको. दुकानातून आणलेल्या स्टील वूलला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते आधी ॲसिटोनमध्ये बुडवून, पिळून, वाळवून घ्यायचं. अनेकांचं काम तिसऱ्या फेरीत बिघडतं ते इथेच: भाग नीट धुतलेले, पण वूल तेलकट.

हात इतका हलका की नुसती भुकटी उडावी. खाली चिकटलेला काळा थर राहिला पाहिजे. घासून लोखंड पांढरं दिसायला लागलं तर जोर जास्त होतोय. कोपऱ्यांत जुना मऊ टूथब्रश, तोही नवा करकरीत नाही आणि तेलकट तर नाहीच. काजळी नाकात जाते. मास्क लावा आणि गच्चीत करा.

पहिल्या फेरीनंतर जे दिसतं ते निराश करणारं असतं: फिकट राखाडी, जागोजागी ढगाळ. दुसरीत ढग कमी. तिसरी-चौथीत गडद राखाडी, पाचवीत काळं, आणि मग एका फेरीत ते उन्हात धरल्यावर निळसर झाक मारतं. दोन सलग फेऱ्यांत रंग आणखी गडद झाला नाही की थांबा. साधारण सहा ते आठ. एका दिवसात तीन-चार फेऱ्या होतात. रात्री थांबायचं असेल तर नेहमी झाडून झाल्यावर थांबा, गंज चढलेल्या अवस्थेत सोडू नका. दुसऱ्या दिवशी ॲसिटोनचा एक हात मारून पुढे.

स्क्रू, पिना, बिजागराचा बोल्ट हेही याच फेऱ्यांत तारेला टांगून करा. स्क्रूच्या डोक्यांना घासायला विसरतात लोक, आणि मग नव्या कोऱ्या नळीवर जुनी ओरबाडलेली डोकी.

शेवट आणि मीठ बाहेर काढणं

शेवटच्या फेरीनंतर ताज्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा तास उकळा. मग लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून त्यात भाग पाच मिनिटं फिरवा, आणि परत ताज्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. मिठातला क्लोराइड खाचाखोचांत राहिला तर रंगाखाली गंज चालूच राहतो, म्हणून ही तीन पावलं गाळू नका.

भाग गरम असतानाच तेलात बुडवा किंवा तेलाने न्हाऊ घाला. शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं नको, ते काही महिन्यांत चिकट होतं. तेल लागताच राखाडी झाक नाहीशी होऊन रंग एकदम खोल होतो. रात्रभर तसंच ठेवा, सकाळी पुसा.

पुढचे तीन-चार दिवस रोज बघा. स्क्रूच्या भोकाशी, साइटच्या पायाशी, सिलिंडरच्या खाचेच्या कडेला केशरी घाम फुटलेला दिसेल. बहुतेकांना पहिल्या आठवड्यात थोडा येतोच. तेल लावलेल्या ०००० वूलने तो पुसा, पुन्हा तेल. चौथ्या-पाचव्या दिवशीही त्याच जागी येत असेल तर मीठ राहिलंय. तो भाग सोड्यात धुवून परत उकळा. रंगाला काही होत नाही.

जोडणी

सिलिंडरच्या आतलं तेल पूर्ण पुसून काढा, ॲसिटोन लावलेलं फडकं काठीवर गुंडाळून. पिस्टनच्या पुढे साधं तेल राहिलं तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटतं, डिझेल इंजिनात पेटतं तसं. मोठा आवाज, नळीतून धूर, आणि वॉशर व स्प्रिंग दोघांचं आयुष्य कमी. स्प्रिंगला आणि पिस्टनच्या मागच्या भागाला मॉलिब्डेनमच्या ग्रीसचा पातळ हात द्या, पुढच्या तोंडाला काही नाही. नळीतून दोन-तीन कोरडी फडकी ओढा. वॉशर जुने असतील तर आत्ताच नवे घाला, परत खोलायची वेळ येत नाही. जोडताना क्लॅम्प तोच, खबरदारी तीच. छर्रा न घालता घोडा ओढून बघायचा मोह आवरा. समोर हवेची उशी नसली की पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर आदळतो.

रायफल वापरून झाल्यावर घामाचे हात लागलेल्या जागा तेलाच्या फडक्याने पुसा. गाडीच्या पॉलिशचं साधं मेण महिन्यातून एकदा लावलं तर तेलापेक्षा जास्त टिकतं आणि हाताला चिकटत नाही. आणि रेक्झिनच्या कव्हरमध्ये पावसाळाभर बंद करून ठेवू नका. आतलं फोम ओल धरून ठेवतं. सुती कापडात गुंडाळून, कपाटात उभी ठेवा, नळीचं तोंड खाली करून, म्हणजे जास्तीचं तेल दस्त्याच्या लाकडात मुरणार नाही.